फवारणीचे विष: दुकानापासून मोरीपर्यंत

कीटकनाशक शरीरात शिरण्याच्या तीन वाटा आहेत: तोंड, श्वास आणि त्वचा. फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत त्वचेची वाट सर्वांत मोठी असते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. नाकाला रुमाल बांधला की काळजी घेतली, असे पुष्कळ शेतांत समजले जाते. रुमाल बांधलेल्या त्याच माणसाचे हात मनगटाच्या वरपर्यंत द्रावणाने भिजलेले असतात, पाठीवरच्या पंपाच्या गळक्या झाकणातून सदरा ओला झालेला असतो आणि फवारलेल्या कपाशीतून चालताना पँट मांड्यांपर्यंत चिंब होते. संध्याकाळी तोच सदरा घरातल्या खुंटीवर टांगला जातो. फवारणीच्या विषापासून स्वतःला आणि घराला जपायचे, तर ते दुकानातून घरी, घरून शेतात आणि शेतातून पुन्हा घरी कसे येते, हे टप्प्याटप्प्याने पाहावे लागते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य सरकारने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. त्या हंगामात अनेक गोष्टी एकत्र आल्या होत्या. कपाशी डोक्याइतकी, काही शेतांत त्याहून उंच गेली होती. नोझल वर धरून फवारावे लागत होते आणि फवारा चेहऱ्यावर, छातीवर उतरत होता. जास्त दाबाने बारीक तुषार सोडणारे पंप वापरात होते. दोन-तीन रसायने एकत्र मिसळली जात होती. हवा दमट होती आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. यांतली एकही गोष्ट त्या जिल्ह्यापुरती किंवा त्या वर्षापुरती नाही. कापूस, सोयाबीन, तूर, भाजीपाला, द्राक्ष, डाळिंब, जिथे जिथे फवारणी होते, तिथे हे सगळे कमी-अधिक प्रमाणात रोज घडत असते.

विष शरीरात काय करते

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके. मज्जातंतूकडून स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे संदेश पोचवण्याचे काम ॲसिटिलकोलिन हे रसायन करते आणि काम झाले की शरीरातले एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करून टाकते. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमके त्या विकराला निकामी करते. मग संदेश थांबतच नाही. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, अंगावरचे स्नायू आपोआप फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात. कार्बामेट गटातील कीटकनाशकेही याच रीतीने काम करतात, मात्र त्यांचा परिणाम तुलनेने लवकर ओसरतो.

हे विकर शरीरात पुन्हा तयार व्हायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. आज थोडे विष गेले, उद्या थोडे गेले, तर नुकसान साचत जाते. आठवडाभर रोज दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जाणाऱ्या मजुराला पहिले तीन दिवस काही होत नाही आणि चौथ्या दिवशी तेवढ्याच कामाने तो कोसळतो, याचे कारण हे आहे. ‘इतकी वर्षे फवारतो, मला काही होत नाही’ हा अनुभव खरा असतो; पण उद्याच्या दिवसाबद्दल तो काहीही सांगत नाही.

त्वचा सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेत झालेल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांच्या शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी पॅराथिऑन अगदी अल्प मात्रेत लावून ते किती शोषले जाते हे मोजले गेले. हाताच्या कोपराखालच्या भागाशी तुलना केली, तर कपाळातून सुमारे चौपट, काखेतून सुमारे सातपट आणि वृषणाच्या त्वचेतून जवळजवळ बारापट विष आत गेले. कपाळावरचा घाम द्रावणाने माखलेल्या हाताने पुसणे, काखेत ओला सदरा चिकटलेला असणे, मांड्यांच्या वर भिजलेली पँट दिवसभर अंगावर ठेवणे आणि न धुतल्या हातांनी लघवीला जाणे किती धोक्याचे आहे, हे या आकड्यांवरून कळते. उन्हात घामाने भिजलेली त्वचा विष आणखी वेगाने घेते. खरचटलेल्या किंवा चिरा पडलेल्या जागेतून तर ते विनाअडथळा आत जाते.

दुकानात

काळजी खरेदीपासून सुरू होते. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोनावर उभा असलेला एक चौकोन छापलेला असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. हा रंग मुख्यतः पोटात गेल्यावरच्या विषारीपणावरून ठरवलेला असतो. हिरव्या त्रिकोणाचे रसायन उघड्या हातांनी हाताळावे, असा त्याचा अर्थ होत नाही. एकाच किडीसाठी दोन पर्याय असतील, तर कमी विषारी रंगाचा पर्याय मागावा. बहुतेक वेळा तो दुकानात असतो, फक्त कोणी मागत नाही.

बाटलीबरोबर येणारे माहितीपत्रक अतिशय बारीक अक्षरात असते. ते वाचायला अवघड जाते, म्हणून तसेच फेकले जाते. त्यात पीक, कीड, एकरी मात्रा, पाण्याचे प्रमाण, फवारणीनंतर काढणीसाठी थांबायचे दिवस, विषबाधेची लक्षणे आणि उतारा ही सगळी माहिती असते. बाटली उघडण्यापूर्वी लेबल आणि माहितीपत्रक यांचे मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. अक्षर मोठे करून वाचता येते, आणि दवाखान्यात जाण्याची वेळ आलीच, तर डॉक्टरांना ‘कोणते रसायन’ या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळते. पक्के बिल घ्यावे. बिलावर रसायनाचे नाव आणि बॅच क्रमांक असावा. बिलाशिवाय मिळणारी, सुटी ओतून दिलेली किंवा लेबल नसलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

मिश्रणाबद्दल विशेष सावध राहावे. ‘हे दोन आणि वर हे टॉनिक, एकाच पंपात मारा’ हा सल्ला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर सहज मिळतो. व्यापारी नावे वेगळी असली, तरी आतले रसायन एकाच गटातले असू शकते. मग दोन मात्रा मिळून एकच मोठी मात्रा होते. लेबलवर ज्याची शिफारस नाही असे मिश्रण करू नये. मिश्रणाने कीड जास्त मरतेच असे नाही, विषबाधेवर उपचार करणे मात्र नक्की अवघड होते, कारण रुग्णाच्या अंगात नेमके काय गेले हे कोणालाच सांगता येत नाही. शंका असेल तर कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याला, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

घरात ठेवताना

कीटकनाशक घरात ठेवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ते साठवून न ठेवणे. एका फवारणीपुरतेच विकत घ्यावे. उरलेच, तर मूळ बाटलीत, मूळ झाकणासह, कुलूप लागणाऱ्या पेटीत आणि स्वयंपाकघर, धान्याची कोठी, गोठा यांपासून दूर ठेवावे. आणताना भाजीच्या पिशवीत किंवा जेवणाच्या डब्याबरोबर आणू नये.

शीतपेयाच्या किंवा दारूच्या रिकाम्या बाटलीत उरलेले रसायन ओतून ठेवणे ही घरातली सर्वांत घातक सवय आहे. शेजाऱ्याला थोडे हवे असते, म्हणून पाव बाटली ओतून दिली जाते. ती त्याच्या ओसरीवर, खिडकीत, माचावर राहते. लहान मूल बाटली ओळखते, आतला द्रव ओळखत नाही. संध्याकाळच्या अंधारात मोठी माणसेही फसतात. पॅराक्वॅट या तणनाशकाच्या बाबतीत हा धोका सर्वांत भयानक आहे. त्याला नेमका उतारा नाही, एखादा घोटही जीव घेतो, आणि रुग्ण सुरुवातीला चांगला बोलत-चालत असताना पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंड व फुप्फुसे निकामी होत जातात.

धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूच नयेत. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो. ज्या खोलीत माणसे झोपतात, तिथल्या किंवा शेजारच्या खोलीतल्या कोठीत त्या ठेवल्या, तर झोपेतच अख्ख्या कुटुंबाला विषबाधा होऊ शकते. फॉस्फिनलाही उतारा नाही. घरातल्या धान्यासाठी कडक ऊन, कोरडी हवाबंद कोठी आणि कडुलिंबाचा पाला हे उपाय पुरेसे आहेत. पिवळ्या फॉस्फरसची उंदीर मारण्याची पेस्टही अशीच फसवी. मुलाने ती चाटली, एखादी उलटी झाली आणि मूल पुन्हा खेळू लागले, म्हणून निर्धास्त राहू नये. यकृतावरचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो. पेरणीतून उरलेले रंगीत, बीजप्रक्रिया केलेले बियाणे धुऊन खाण्यात किंवा जनावरांच्या चाऱ्यात वापरू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. कर्जाने, नापिकीने किंवा घरच्या ताणाने खचलेल्या माणसाच्या हाताशी विषाची बाटली नसली, तर जीव वाचू शकतो. मरणाचा विचार तीव्र असतो तो काळ अनेकदा थोडा असतो आणि तो टळला की माणूस मदत स्वीकारतो. घरात असे कोणी गप्प-गप्प, एकटे राहू लागले असेल, तर घरातला विषाचा साठा आधी बाहेर काढावा, त्या माणसाला एकटे ठेवू नये, आणि १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतून बोलता येते.

मिसळताना

फवारणीपेक्षा मिसळण्याची काही मिनिटे जास्त धोक्याची असतात. पंपातल्या द्रावणात रसायन पाण्याने शेकडो पटींनी पातळ झालेले असते. बाटलीतले मात्र संपूर्ण तीव्रतेचे असते. ते चमचाभर हातावर सांडले, तर कितीतरी पंप फवारताना अंगावर पडेल तेवढे विष एकदम त्वचेवर येते. हातमोजे एकच वेळ घालणे शक्य असेल, तर ती वेळ मिसळण्याची आहे.

शेतावर दिसणारे नेहमीचे दृश्य असे. बांधावर दोनशे लिटरची टाकी असते. डोक्यावरून पाणी आणणारी बाई तीत पाणी ओतते. फवारणारा बाटलीचे आतले सील दाताने तोडतो, झाकणानेच अंदाजे माप घेतो, टाकीत ओततो आणि बाही वर सारून हातानेच ढवळतो. ती बाई त्याच टाकीत बादली बुडवून पंप भरून देते. तिच्या हातात मोजे नसतात, तोंडावर रुमालही नसतो, कारण ‘ती काही फवारत नाही’. विषाशी संबंध मात्र दोघांचाही सारखाच येतो.

सील चाकूने कापावे. माप मापाच्या पेल्यानेच घ्यावे आणि तो पेला दुसऱ्या कशासाठीही वापरू नये. पंपात किंवा टाकीत आधी निम्मे पाणी भरावे, मग मोजलेले रसायन घालावे, लांब काठीने ढवळावे आणि उरलेले पाणी भरावे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. बाटली रिकामी झाली की तिच्यात पाव भाग पाणी घेऊन, झाकण लावून जोरात हलवावी आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. मग बाटलीला भोके पाडून ती निकामी करावी. कीटकनाशकाची रिकामी कॅन धुऊन शेतावर पिण्याच्या पाण्यासाठी नेली जाते. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले रसायन धुण्याने जात नाही. पाणी भरण्याचे ठिकाण विहीर, बोअर, नाला यांपासून दूर असावे, आणि विहिरीतल्या नळीचे तोंड द्रावणात बुडेल अशी टाकी कधीही भरू नये. मोटार बंद पडली की द्रावण उलटे विहिरीत खेचले जाऊ शकते.

मिसळताना नायट्राइल रबराचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि पुढे प्लॅस्टिकचा एप्रन हवा. कापडी किंवा चामड्याचे मोजे विष शोषून हाताला बांधून ठेवतात, म्हणून ते उघड्या हातांपेक्षाही वाईट.

फवारताना

पंप आदल्या दिवशी साध्या पाण्याने चालवून पाहावा. झाकणाचा वॉशर, नळीचे सांधे, ट्रिगर यांतून गळती होत असेल तर दुरुस्त केल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये. वॉशरला काही रुपये लागतात. पाठीवरून कमरेपर्यंत दिवसभर झिरपणारे द्रावण त्या काही रुपयांनी थांबते.

पंपाच्या प्रकाराचाही विचार हवा. इंजिनवर चालणारा पॉवर पंप साध्या पंपापेक्षा एकरी बरेच कमी पाणी वापरतो. म्हणून त्यासाठी प्रतिपंप मात्रा तिप्पट घ्यावी, असे शिफारशींत छापलेले असते. पिकासाठी हिशेब बरोबर आहे. फवारणाऱ्यासाठी मात्र त्याचा अर्थ असा की अंगावर पडणारा प्रत्येक थेंब तिप्पट तीव्र आहे, शिवाय तो इतका बारीक आहे की हवेत तरंगत राहतो आणि श्वासातून आत जातो. पॉवर पंप वापरणाऱ्याने साध्या पंपाच्या सवयींवर विसंबू नये. साध्या पंपात तिप्पट मात्रा टाकण्याची चूक तर अजिबात होऊ देऊ नये.

अंगभर सुती कपडे, पूर्ण बाह्या, गळ्याचे बटण लावलेले. पँट गमबुटाच्या बाहेर सोडावी. आत खोचली तर ओघळणारे द्रावण बुटात साचते. फवारा खाली असेल तर बाही मोज्यावर यावी. पीक उंच असेल आणि हात वर जात असेल, तर मोजा बाहीच्या वर घेऊन त्याची कड दुमडावी. पाठीवर पंपाखाली प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा. डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा. नाकातोंडाला साधा रुमाल बांधला तर तो ओला होतो आणि विष तासन्‌तास ओठांशी धरून ठेवतो. धुळीचा साधा मास्क बारीक थेंब काही प्रमाणात अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि तो तीव्र विषारी रसायनांसाठी वापरायलाच हवा.

ऑक्टोबरच्या उन्हात हे सगळे अंगावर घालून काम करणे त्रासाचे आहे, ही तक्रार खोटी नाही. म्हणून कपडे काढण्यापेक्षा वेळ बदलावी. फवारणी सकाळी लवकर सुरू करून ऊन चढण्याआधी थांबवावी. एकाच माणसाने दिवसभर न फवारता आळीपाळीने फवारावे आणि सलग दिवस टाळावेत. पाने हलकी हलतात इतपत मंद वारा चांगला. जोराचा वारा फवारा अंगावर आणतो, आणि संध्याकाळी वारा पूर्ण पडलेला असताना तुषार पिकाच्या उंचीवरच ढगासारखे तरंगत राहतात. वारा अंगावरून पिकाकडे जाईल असे उभे राहावे आणि फवारलेल्या तासांतून पुढे न जाता न फवारलेल्या बाजूने सरकत जावे. डोक्याएवढ्या कपाशीत हे साधणे फार कठीण असते. म्हणून शिफारशीपेक्षा जास्त युरिया देऊन दाट वाढ करून घेऊ नये आणि गरज पडल्यास शेंडे खुडून उंची आटोक्यात ठेवावी. हेही फवारणाऱ्याच्या सुरक्षिततेचेच काम आहे.

नोझल बुजले की ते तोंडाने फुंकले जाते. विष थेट तोंडात जाण्याचा हा सर्वांत सरळ रस्ता. खिशात जुना टूथब्रश आणि एक जादा नोझल ठेवावे. विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला हात लागतात. बिडी, तंबाखू, चहा, भाकरी सगळे हातातूनच तोंडात जाते. फवारणी चालू असताना यांपैकी काहीच नको. त्यासाठी रिकाम्या पोटी काम करायची गरज नाही: घरून न्याहारी करून निघावे, आणि पिण्याचे पाणी, साबण व हात धुण्याच्या पाण्याची वेगळी कॅन बांधावर दूर सावलीत ठेवावी.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मुले, आणि दमा किंवा त्वचेचे विकार असलेल्यांनी मिसळणे वा फवारणे यांपैकी काहीही करू नये. फवारलेल्या शेतात निंदणीला किंवा वेचणीला जाण्यापूर्वी लेबलवर दिलेला काळ जाऊ द्यावा. तो दिलेला नसेल तर निदान एक-दोन दिवस थांबावे. बांधावर खूण म्हणून कापड बांधले की शेजारच्यांना आणि गुराख्यांनाही कळते.

कामानंतर घरी

पंप शेतातच धुवावा आणि ते पाणी पिकावर किंवा पडीक जागेवर टाकावे, ओढ्यात नाही. मोजे हातात असतानाच साबणाने धुवावेत, मग काढावेत. घरी आल्यावर मुलाला उचलण्याआधी, जेवणाआधी, खाटेवर टेकण्याआधी डोक्यापासून साबण लावून अंघोळ करावी. केस, कानांमागची जागा आणि नखे चोळून धुवावीत.

हे कपडे घरच्या इतर धुण्यात मिसळू नयेत. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवून त्याच दिवशी धुवावेत, कारण वाळल्यावर रसायन धाग्यात घट्ट बसते. धुणाऱ्या बाईच्या हातातही मोजे असावेत. साबणचुऱ्यात भिजवून दोनदा धुवावे, बादली शेवटी साबणाने विसळावी आणि कपडे उन्हात वाळवावेत. मूळ रसायन सांडलेला सदरा धुऊन पुन्हा वापरू नये. फवारणीचा एक जोड कायमचा वेगळा ठेवणे सर्वांत सोपे.

विषबाधा झाली तर

सुरुवातीची लक्षणे साधी वाटतात: डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, अंधुक दिसणे, जास्त घाम, हातापायांत अशक्तपणा. ऊन लागले असे समजून माणूस झाडाखाली पडून राहतो आणि मोलाचे तास वाया जातात. लाळ, घाम, पाणावलेले डोळे आणि बारीक झालेल्या बाहुल्या एकत्र दिसल्या, तर ते ऊन लागणे नव्हे. चेहऱ्यावर नुसती आग आणि मुंग्या येत असतील, तर ते पायरेथ्रॉइड गटातल्या रसायनाने त्वचेला झालेले असू शकते. तरीही काम लगेच थांबवावे.

पहिले काम म्हणजे माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणणे. दुसरे, सगळे ओले कपडे काढून अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुणे. मदत करणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. डोळ्यांत गेले असेल तर पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहावे. उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. बऱ्याच कीटकनाशकांत पेट्रोलसारखे द्रावक असते आणि उलटी होताना ते फुप्फुसात गेले, तर दुसरे संकट उभे राहते. दूध, तूप, तेल, ताक हे उतारे नाहीत. गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर वळवून तोंडातली लाळ पुसत राहावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा, आणि बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो बरोबर न्यावा.

ऑर्गॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम ही औषधे आहेत; ती वेळेत आणि पुरेशा मात्रेत मिळाली तर गंभीर रुग्णही वाचू शकतो. सलाईन लावून घरी पाठवणाऱ्या ठिकाणी वेळ घालवू नये, थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. बरे वाटू लागले म्हणून लगेच सुटी मागू नये. पहिल्या झटक्यातून सावरल्यावर साधारण एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे पडू शकतात, आणि तेव्हा रुग्ण कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या ठिकाणीच हवा. घरी आल्यावरही काही आठवडे फवारणीला जाऊ नये; निकामी झालेले विकर भरून यायला तेवढा काळ लागतो.

जबाबदारी कोणाची

कीटकनाशक अधिनियम १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. संरक्षक कपडे, प्रथमोपचाराची साधने, कीटकनाशकांच्या संपर्कात काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट, या सगळ्यांविषयी त्या नियमांत तरतुदी आहेत. त्या शेताच्या बांधापर्यंत क्वचितच पोचतात. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशकाच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूसाठी दोन लाख रुपयांची तरतूद आहे. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणाऱ्या भूमिहीन मजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते. सर्वांत जास्त दिवस विषात काम करणारा माणूस या योजनेबाहेर राहतो, आणि हा अन्याय दूर व्हायला हवा.

तो दूर होईपर्यंत मजुराला पंप देणाऱ्या शेतकऱ्याने त्याबरोबर हातमोजे, चष्मा, साबण आणि हात धुण्याचे पाणी द्यावे, बाटलीचे लेबल वाचून दाखवावे, आणि मजुराला मळमळल्यासारखे वाटले तर त्या दिवसाची मजुरी न कापता त्याला दवाखान्यात न्यावे.